अवनत कोन: उत्तर बरोबर आलं, तरी मार्क कापले. मदत हवी आहे

मुलगी दहावीला आहे. मी देवगडला होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. गणित माझं नववीतच सुटलं, तेव्हा काही चुकीचं लिहिलं तर सांभाळून घ्या.

चाचणीत हे गणित होतं: ३० मीटर उंच दीपगृहाच्या टोकावरून बघितलं तर एकाच बाजूला, एकाच रेषेत असलेल्या दोन होड्यांचे अवनत कोन ६०° आणि ३०° आहेत. होड्यांमधलं अंतर काढा.

तिने दीपगृहाची उभी रेघ काढली आणि टोकापाशी, त्या रेघेला लागूनच दोन्ही कोन मांडले. पुढे असं:

६०° ची होडी: टॅन ६०° = अंतर ÷ ३०, म्हणून अंतर = ३०√३
३०° ची होडी: टॅन ३०° = अंतर ÷ ३०, म्हणून अंतर = ३०/√३ = १०√३
फरक = २०√३, म्हणजे सुमारे ३४.६४ मीटर

उत्तर वर्गातल्या सगळ्यांचं हेच. हिला मात्र चारपैकी दीड, आणि आकृतीभोवती लाल गोल. शेरा एका शब्दाचा नाही. "मगे मार्क खंय गेले?" म्हणून कालपासून डोकं खातेय. उद्या वही घेऊन बाईंशी भांडायला निघालीय. नक्की चुकलंय काय?

प्रतिसाद (खाडीकाठ): छेदाचं परिमेयीकरण दाखवलं नसेल. ३०/√३ वरून थेट १०√३ वर उडी मारली की अर्धा मार्क जातो.

प्रतिसाद (पेन्शनर मास्तर): अर्धा जाईल, अडीच नाही. दादा, चूक आकृतीतच आहे. अवनत कोन दीपगृहापासून मोजत नाहीत. डोळ्यासमोर क्षितिजसमांतर रेषा धरायची आणि तिथून नजर किती खाली उतरली ते मोजायचं. तुम्ही तर जेटीवरचे. बंदराच्या कठड्यावरून पायथ्याशी लागलेली होडी बघताना मान जास्त खाली जाते की लांबची बघताना? जवळची. म्हणजे ६०° जवळच्या होडीचा. मुलीच्या आकृतीत तो लांबच्या होडीला गेलाय.

पायऱ्या अशा लिहा. टोकातून पाण्याला समांतर रेषा काढा. व्युत्क्रम कोन समान, म्हणून होडीपाशीही तेवढाच कोन (हे कारण लिहायचंच, त्याला मार्क असतात). मग टॅन ६०° = ३० ÷ अंतर, जवळची होडी १०√३ वर. टॅन ३०° = ३० ÷ अंतर, लांबची ३०√३ वर.

उत्तर तरी जुळलं कारण ६० आणि ३० ची बेरीज ९०. होड्यांची नुसती अदलाबदल झाली, फरक तोच राहिला. निव्वळ नशीब! ६०° च्या जागी ४५° घालून दोन्ही पद्धतींनी करून बघायला सांगा.

धागाकर्ता: मास्तर, केलं. तुमच्या पद्धतीने ३०√३ − ३०, म्हणजे सुमारे २१.९६ मीटर. तिच्या पद्धतीने १२.६८. मग पडवीत बसून आकृती तीनदा काढली, समांतर रेषा आधी तुटक तुटक, मग बाकीचं. बाईंकडे जाणं रद्द झालंय. आता म्हणते, दीड तरी कशाला दिले?