ओटा आणि टाइल्सच्या सांध्यातून पाणी मुरतंय, काय भरू? (खर्च २,००० च्या आत)

डोंबिवली_पूर्व
घर २००९ चं, दुसरा मजला. ओट्यावर काळा ग्रॅनाइट, मागे दोन फूट उंच पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स. सिंकमागचं व्हाइट सिमेंट पार गेलंय, नख घातलं की भुगा येतो. सिंकखालच्या ट्रॉलीचा प्लाय फुगलाय आणि पलीकडे हॉलच्या भिंतीला पोपडे आलेत. गणपतीआधी उरकायचंय. टाइल्स फोडायच्या नाहीत. सांध्यात काय भरू? टाइल्सवरून वॉटरप्रूफ कोटिंग मारावं का? स्वतः करायची तयारी आहे.

जुना_कोथरूडकर
इपॉक्सी. दुसरा विचारच करू नका. मी २०२१ मध्ये अख्खं किचन आणि दोन्ही बाथरूम करून घेतली, मजुरीसकट अठरा हजार. हळदीचा डाग एका पुसण्यात जातो. दोन हजारांत केलेलं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं.

चिपळूणची_सून
इपॉक्सीच. पण पांढरं नको, आमचं खिडकीजवळचं पिवळं पडलं. राखाडी घ्या.

वाड्यातला
आमच्याकडे १९९६ पासून व्हाइट सिमेंटच आहे. दोनदा भरलं, तीस रुपयांत काम. खरी चूक गवंड्यांची. आमच्या वेळी टाइल्स रात्रभर पिंपात भिजत घालायचे, आता कोरड्याच लावून मोकळे होतात.

जुना_कोथरूडकर
अहो, आता ॲढेसिव्हवर लावतात, त्याला टाइल भिजवायची नसते.

वाड्यातला
२००९ च्या डोंबिवलीत ॲढेसिव्ह कुणी वापरलं असेल? तिथे वाळू-सिमेंटच असणार.

साईटवाली
मी फिनिशिंगची कामं बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्लेझ्ड टाइलच्या तोंडातून पाणी आत जातच नाही, त्यामुळे वरून कोटिंग मारणं म्हणजे पैसे वाया. पाणी जातं सांध्यांतून, आणि तुमच्याकडे ते सांधे दोन प्रकारचे आहेत. टाइल-टाइलमधला सांधा ग्राउटने, म्हणजे सांधे भरायच्या मसाल्याने भरायचा. पण ओटा जिथे भिंतीला भेटतो तिथे ग्राउट नको, इपॉक्सीही नको. गरम कुकर, परातीचं वजन, कणीक मळताना बसणारे दाब, या सगळ्याने दगड किंचित हलतो आणि भिंत हलत नाही. तिथे कडक काहीही भरलं तरी केसाएवढी भेग पडतेच. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन, तेही न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, काही दगडांना ते चालत नाही.
आणि आधी हे तपासा: पाणी खरंच सांध्यातून जातंय का? सिंकच्या वेस्ट कपलिंगभोवती (सिंकच्या भोकाखालची जोडणी) कोरडा टिश्यू गुंडाळा, सिंक भरून एकदम सोडा. टिश्यू ओला झाला तर वॉशर गेलाय.

नेरुळ_सेक्टर
सिलिकॉनवर विश्वास ठेवू नका. मी स्वतः भरलं, आठ दिवसांत रबराच्या दोरीसारखं हातात आलं. साडेतीनशे रुपये पाण्यात.

साईटवाली
सांधा ओला होता का? की जुन्या सिलिकॉनवरच भरलंत?

नेरुळ_सेक्टर
जुनं होतं खाली. सकाळी भरलं आणि दुपारी भांडी घासायला बाई आल्या.

साईटवाली
मग तेच कारण. सिलिकॉनवर सिलिकॉन चिकटत नाही. जुनं ब्लेडने पूर्ण खरवडून दोन दिवस कोरडं ठेवायचं. भरल्यावर निदान २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. सांध्याच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा आणि साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ओढा, रेघ सरळ येते.

चिपळूणची_सून
टाइल्सना बाथरूमचं ॲसिड लावू नका कुणी. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी दर महिन्याला लावून सांध्यांतलं सिमेंट खाऊन टाकलं होतं. ग्रॅनाइटची चकाकीही गेली.

सोसायटी_सेक्रेटरी
खालच्या मजल्याची तक्रार आलीय का? सिंक-मोरीची आतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. आमच्याकडे एक भांडण चार वर्षं चाललंय. आत्ताच फोटो काढून ठेवा.

जुना_कोथरूडकर
पुन्हा सांगतो, इपॉक्सी. माणूस बोलावून करून घ्या.

डोंबिवली_पूर्व
सगळ्यांचे आभार. टिश्यू ओला झाला! कपलिंगचा वॉशर चिरला होता, प्लंबरने ३५० रुपयांत नवीन कपलिंग बसवलं. प्लाय त्यानेच फुगला असावा. पण सांधेही गेलेलेच होते, ते भरायचेच होते.
इपॉक्सी आणलं नाही. दुकानदाराने सांगितलं, रेझिन, हार्डनर, फिलर एकत्र केलं की अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, टाइलवर राहिलेलं लगेच पुसावं लागतं. मी एकटी, घरात अडीच वर्षांचं मूल. चुकलं तर निघणार नाही. म्हणून पॉलिमरवालं साधं सिमेंट ग्राउट घेतलं, राखाडी. शुक्रवारी हॅक्सॉच्या पात्याने सांधे खरवडले, दोन दिवस स्वयंपाक गॅलरीतल्या छोट्या शेगडीवर केला, रविवारी रबरी पट्टीने भरलं. ओट्याच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन, त्याची रेघ पहिल्या हातभर वाकडी आहे, पुढे सरळ. कपलिंग धरून १,१८० रुपये झाले. हॉलच्या भिंतीला रंग मात्र आत्ता देत नाही. ती आतून वाळेपर्यंत पाहुण्यांना पोपडे दिसले तरी चालतील.

वाड्यातला
ग्राउटवर तीन दिवस पाणी शिंपडा, साध्या सिमेंटसारखंच.

जुना_कोथरूडकर
दोन वर्षांनी परत याल इथे.

माहेर_सातारा
राखाडीची शेड कुठली घेतलीत? आमच्या टाइल्सही पांढऱ्याच आहेत.