घरच्या कोंबडीचं अंडं, घरच्या गाईचं दूध : यात पाप कुठे?

परसदार : लेक सहा महिन्यांपासून वीगन झालीय. बाजारचं दूध-अंडी सोडली, तेवढं पटलं. पण दिवाळीत राजापूरला आजीच्या हातचा चहाही नको! आईच्या पाच कोंबड्या दिवसभर उकिरडा उकरतात, तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात शिरतात. गाय एकच. वासराला पाजून उरेल ते आपलं. यात छळ कुणाचा झाला?

कालवड : पाजून उरेल ते? आमच्याकडे पान्हा फुटेपर्यंत लावायचं आणि मग वासराला ओढून दाव्याला बांधायचं, ही रीत होती.

परसदार : आई वासरासाठी एक सड राखते. शप्पथ.

कालवड : राखत असतील. पण गाय नऊ महिने गाभण राहून व्यायल्याशिवाय दूध नाही. दर वेताला वासरू, त्यात निम्मे गोऱ्हे. औताला पॉवर टिलर आल्यावर ते गोऱ्हे गेले कुठे?

दावण_सातारा : ताई, प्रश्न खरा आहे, पण बोट आमच्याकडेच का? गाय कापायला बंदी जुनीच, मार्च २०१५ पासून बैलही त्यात आला. आधी थकलेल्या बैलाचे चार पैसे तरी यायचे. आता लोक रात्री गोऱ्हा दुसऱ्याच्या शिवारात सोडून येतात. कायदा करणारे वैरण टाकायला येत नाहीत. आणि म्हशीचं बोलूच नका. तिला ही बंदी नाही, तरी रेडकाला दूधच पाजत नाहीत, खंगून मरतं. आमच्याच गोठ्यात पाहिलंय. वडिलांना बोलायची हिंमत झाली नाही.

अंडाकरी : अंड्याला तरी सोडा हो! कोंबडा नसेल तर त्यात जीवच नाही.

कालवड : तलंगा, म्हणजे अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या, कुठून आणता? अंड्यांच्या जातीची नर पिल्लं हॅचरीत पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून ते बंद केलं.

परसदार : आमच्या गावठी आहेत. खुडूक कोंबडीखाली घरीच उबवलेल्या. कोंबडे... पाहुणे आले की.

अंडाकरी : मग लेकीने अंड्याला नाही, पाहुण्यांना नको म्हणायला हवं 😀

परसदार : हसा. आत्ता आईला फोन करून विचारलं, मागच्या वेताचा गोऱ्हा कुठाय? "नेला एकाने," म्हणाली. कुणी, ते सांगेना. मग कोंबड्यांना कोंडायचंय म्हणून फोन ठेवला.