मदत हवी आहे : आजोबांच्या स्टिरिओ काचा कशा जपाव्यात?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करताना आजोबांच्या काचेच्या स्टिरिओ स्लाइडची लाकडी पेटी सापडली. अशा प्रत्येक काचेवर एकाच दृश्याची दोन चित्रं शेजारी-शेजारी असतात आणि व्ह्यूअरमधून पाहिलं की दृश्य त्रिमितीय दिसतं. आजोबा हौशी फोटोग्राफर. कॅमेरा मात्र उरलेला नाही. काचेचं माप 45 बाय 107 मिलिमीटर, म्हणजे पॅरिसच्या ज्यूल रिशारनं 1893 मध्ये आणलेल्या व्हेरास्कोप या स्टिरिओ कॅमेऱ्याचं. पुढे इतरांनीही ते माप वापरलं.

एका काचेवर सीताबर्डीचा किल्ला आहे. डाव्या चित्रात अलीकडच्या झाडाची फांदी बुरुजाला टेकलेली दिसते, उजव्यात मधे आकाशाची बारीक फट आहे. एवढ्याशा फरकातूनच खोली उभी राहते, म्हणून जोडी मोडायची नाही हे नक्की. दुसऱ्या काचेवर रेल्वे स्टेशनची 1925 ची इमारत आहे, म्हणजे ती काच त्यानंतरची.

काही काचांवरचा चित्राचा जिलेटिनचा थर कडेनं सुटायला लागलाय. एकानं ओल्या कापसानं पुसायला सांगितलं, पण जिलेटिन पाण्यानं फुगतं, त्यामुळे मी नाही म्हटलं. मऊ ब्रशनं फक्त काचेच्या बाजूची धूळ झटकली.

खरी चिंता उन्हाळ्याची आहे. कूलरची खोली दमट, वरची भट्टीसारखी तापते. पेटी ठेवू कुठे? प्रत्येक काचेला कोणता कागद लावू? थर सुटलेल्या काचा स्कॅनरवर ठेवाव्यात, की लाइट पॅडवर ठेवून मॅक्रो लेन्सनं फोटो काढावेत? नागपुरात कुणाकडे या मापाचा व्ह्यूअर असेल तर कृपया कळवा. काचा घेऊन मी येईन. आजीला त्या एकदा त्रिमितीत दाखवायच्या आहेत.