लावणीपेक्षा झिम्मा न्या

जपानच्या शाळेत शिकवायला निघालेल्या ताईंनी तिथल्या पोरांना आपला कुठला नाच शिकवू असं विचारलंय, तर सगळेच ‘लावणी बसवा’ म्हणतायत. मला नाही पटत. लावणीची अदा शब्दांवर चालते. भाषा न कळणाऱ्या पोरांच्या हाती नुसते ठुमके उरणार. त्यापेक्षा झिम्मा-फुगडी न्या. आमच्या कोल्हापुरात गौरीच्या जागरणाला बायका रात्रभर खेळतात, तिथं बघे कमी आणि खेळणाऱ्याच जास्त.

जपानी बोन ओदोरीही (पितरांच्या बोन सणातला सामूहिक नाच) अशीच. मधे लाकडी मचाण, त्यावर ताइको ढोल, भोवती रिंगण, त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा. नवख्यानं मागं शिरायचं आणि पुढच्याचं बघत हात हलवायचे. गुजो गावात तर १३ ते १६ ऑगस्टला पहाटेपर्यंत नाचतात. २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या नाचांत तोही आहे. ताई, आधी त्यांच्या रिंगणात शिरा, मग आपलं शिकवा.

लेझीमही चालेल (लोखंडी साखळी आहे, हातातल्या बॅगेत ठेवू नका). हलगी नाही मिळाली तर ताइकोवर ठेका धरा. पट्टणकोडोलीचं धनगरी गजनृत्य मात्र राहू द्या. ते विठ्ठल-बिरदेवाच्या दारातलं, भंडाऱ्याशिवाय त्याला रंग नाही.