मदत हवी आहे: आई हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह, बाळंतपण तालुक्याला, बाळाच्या इंजेक्शनची सोय कशी लावावी?

माझ्या धाकट्या बहिणीला आठवा लागलाय. सुरुवातीच्या तपासण्यांतच एचबीएसएजी (हिपॅटायटीस बीची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं होतं. पुण्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं, तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दोन लाखांच्या बराच वर. २८व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर या विषाणू दाबणाऱ्या औषधाची रोज एक गोळी सुरू आहे. तिला स्वतःला काहीच त्रास नाही, त्यामुळे सासरी 'डोळे पिवळे नाहीत, मग कसली कावीळ' असंच चाललंय. पण जन्मताना लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांना हा आजार कायमचा चिकटतो, हे ऐकल्यापासून मला झोप नाही.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी येणार. डॉक्टरांनी बजावलंय की १२ तासांच्या आत बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) गेलंच पाहिजे. लस इथे मिळते. इम्युनोग्लोब्युलिनचं विचारलं तर नर्सिंग होमच्या सिस्टर म्हणाल्या, "बाळ झालं की चिठ्ठी देऊ, मेडिकलमधून आणा." गावातले मेडिकलवाले ते ठेवतच नाहीत. रात्री कळा सुरू झाल्या तर कुठे धावायचं? आधीच आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवावं का? इथे लाइट सारखी जाते.

आणि सासूबाई म्हणतात, अंगावर पाजायचं नाही. ती रोज रडते त्यावरून.

प्रतिसाद

ताई, दूध खुशाल पाजू दे. दोन्ही इंजेक्शनं झाली की अडचण नसते. फक्त स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तर डॉक्टरांना विचारा.

इम्युनोग्लोब्युलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठायला नको, म्हणून घरी ठेवू नका. आमच्या वहिनीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी आधीच मागवून त्यांच्या लशींच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. तुमच्याही डॉक्टरांना आत्ताच गाठा. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा, २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटीस कार्यक्रमात ते धरलेलं आहे. तिथे साठा असेल तर बाळंतपणच तिकडे करा, असं माझं स्पष्ट मत.

लशीचे पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा या पाच रोगांवरच्या एकत्रित लशीतून मिळतात, ते चुकवू नका. बाळाचं रक्त नवव्या महिन्यानंतर तपासतात. बाळंतपणानंतर गोळी मनाने बंद करू नये, लिव्हरला सूज येऊ शकते. आणि मेहुण्यांची तपासणी झाली का?