के२-१८बीवर जीवसृष्टी "सापडली" म्हणणाऱ्यांना उत्तर

वर्णपट: "१२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड मिळालं, पृथ्वीवर ते सजीवच बनवतात, विषय संपला" अशी पोस्ट फिरतेय. विषय मुळीच संपलेला नाही. एप्रिल २०२५चा तो दावा तीन सिग्माचा आहे (सिग्मा म्हणजे निकाल योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप). शोध म्हणायला पाच लागतात. शिवाय जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या ६ ते १२ मायक्रॉनच्या वर्णपटात हा रेणू आणि डायमिथाइल डायसल्फाइड वेगळे ओळखता येत नाहीत. रोझेटा यानाच्या मोजमापांत ६७पी धूमकेतूवरही डायमिथाइल सल्फाइड निघालंय. तिथे कुठले सजीव?

मंगळपक्षी: तीन सिग्मा म्हणजे योगायोगाची शक्यता ०.३ टक्के. तेही पुरत नाही? १९७६मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या जीवशोध प्रयोगाचंही असंच केलं. कार्बन-१४ असलेला पोषक द्रव मातीवर पडताच किरणोत्सारी वायू निघाला. तीच माती १६०° से.ला ३ तास तापवून घेतली, तर जवळजवळ काही नाही. निकष आधीच ठरलेले होते, ते पूर्ण झाले. तरी निकाल "नाही"!

वर्णपट: ०.३ टक्के हा आकडा मॉडेल बरोबर असेल तरच. त्यात कुठले रेणू धरले यावर तो हलतो. आणि व्हायकिंगमध्ये दुसऱ्यांदा द्रव घातल्यावर काय झालं? जिवाणू असते तर वायू पुन्हा वाढला असता. उलट सुमारे २० टक्के वायू मातीत परत शोषला गेला. हे सोयीस्करपणे गाळता.

मंगळपक्षी: "सोयीस्कर" शब्द मागे घ्या! "सेंद्रिय काही नाही" म्हणणारं यंत्र माती ५०० अंशांपर्यंत तापवत होतं. २००८मध्ये मंगळावरच्या फिनिक्स यानाला मातीत पर्क्लोरेट हा क्लोरीन-ऑक्सिजनचा क्षार सापडला. तो तापला की सेंद्रिय रेणू जाळून टाकतो. व्हायकिंगच्या त्या यंत्राला क्लोरोमिथेन हा कार्बन-क्लोरीनचा वायू दिसला होता, तो पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकाचं म्हणून सोडून दिलं.

क्षारमाती: ते यंत्र फसलं, मान्य. पण पर्क्लोरेट तुमच्याही विरुद्ध जातं. त्यावर गॅमा किरणांचा मारा केला की हायपोक्लोराइट हे तीव्र रसायन बनतं, आणि ते पोषक द्रवातल्या अलॅनिन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड सोडवतं. जीव नसतानाही. खरी खोट द्रवातच होती: अलॅनिन आणि लॅक्टेटची डावी-उजवी (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी) रूपं एकत्र मिसळलेली. वेगवेगळी घातली असती तर कळलं असतं, कारण साधं रसायन दोन्हींना सारखंच वागवतं, जीव सहसा एकच पसंत करतो.

मंगळपक्षी: दुसऱ्या वेळच्या द्रवाचं पटणारं उत्तर माझ्याकडे नाही, घ्या. पण असा वेगवेगळ्या रूपांचा प्रयोग मंगळावर अजून एकदाही झालेला नाही, यावर कुणीच का चिडत नाही?

वर्णपट: त्यावर मीही चिडतो. "सोयीस्कर" मागे घेतला. के२-१८बीसाठी तो दावा करणाऱ्या गटाच्याच अंदाजाने वेबचे आणखी १६ ते २४ तास लागतील, आणि ग्रह ताऱ्यासमोरून ३३ दिवसांनी एकदाच जातो. तोवर "सापडली" लिहू नका.