मानसशास्त्र, बी.ए. दुसरे वर्ष, सांगली : पुढचे शिक्षण कोणत्या क्रमाने घ्यावे?

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. गाव तासगाव तालुक्यात असून रोज एस.टी.ने ये-जा करते. संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, त्या पहिल्या तुकडीतील मी आहे. त्यामुळे तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे एम.ए. करावे, की चौथे वर्ष ऑनर्सचे करून एका वर्षात एम.ए. पूर्ण करावे, असा प्रश्न आमच्यापुढे आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थिनींना विचारून उपयोग होत नाही, कारण त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मला नेमके काय करायचे आहे ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या सात वर्षांच्या मुलाला दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात न्यायचे होते. तिला कागदपत्रांचे फारसे कळत नाही, म्हणून मी सोबत गेले. सकाळी नऊला पोहोचलो आणि आमचा नंबर लागेपर्यंत दोन वाजून गेले. तोवर मुलगा रडकुंडीला येऊन आईच्या पदराचे टोक तोंडात धरून बसला होता. तेथील मानसतज्ज्ञ ताईंनी चाचणीची पेटी उघडलीच नाही. "तुमच्यात शेळी हाय का रं? करडं किती हायत तिला?" असे त्यांनी त्याच्याच बोलीत विचारले. पाच-सात मिनिटांत तो शेळी कोणाला ढुशी मारते आणि कोणाला मारत नाही हे हातवारे करून सांगू लागला. मग पेटी उघडली. ताईंचा स्वर तसाच राहिला, परंतु शब्द पार बदलले : पुस्तिकेत प्रश्न जसा छापला आहे तसाच, एक अक्षर इकडचे तिकडे न करता. मुलगा अडला तेव्हा बहीण उत्तर सुचवू लागली. ताईंनी तिच्याकडे न पाहता नुसता हात वर केला आणि ती गप्प झाली. (प्रश्न येथे लिहीत नाही. ते जाहीर झाले की चाचणी निकामी होते, हे आम्हाला प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला शिकवले आहे.)

ती बिने-कामत बुद्धिमापन चाचणी होती. बिने यांनी १९०५ साली फ्रान्समध्ये केलेली मोजपट्टी, तिची स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेली आवृत्ती आणि त्यावरून कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी केलेले रूपांतर, एवढे मी परीक्षेसाठी टीप म्हणून पाठ केले होते. ती पेटी आपल्याच घरातील एका मुलाचे पेन्शन आणि शाळेतील सवलती ठरवते, हे मात्र त्या दिवशी कळले. आमच्या जर्नलमधील (प्रात्यक्षिकाच्या वहीतील) आरशातून रेखाटन, म्युलर-लायरचा भ्रम (सारख्या लांबीच्या रेषा लहान-मोठ्या दिसणे) आणि प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती, म्हणून दर वेळी पकडून आणलेला धाकटा भाऊ यांच्यापासून ते काम किती लांब आहे, हेही कळले. मला ते काम करायचे आहे, आणि शक्यतो तासगाव-कवठेमहांकाळच्या आसपासच करायचे आहे.

आता माझी चूक. गेल्या उन्हाळ्यात मी एका खासगी संस्थेची समुपदेशनाची ऑनलाइन पदविका सहा आठवड्यांत पूर्ण केली. बेदाण्याच्या पैशातून अठरा हजार रुपये भरले. सोनेरी काठाचे प्रमाणपत्र आले आणि त्यावर माझ्या नावापुढे 'मानसतज्ज्ञ' असे छापलेले होते. मावसबहिणीसोबत पुन्हा रुग्णालयात गेले तेव्हा मी ते अभिमानाने ताईंना दाखवले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि "याला नोंदणी कुठे आहे?" एवढेच विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. वडिलांना हे अजून सांगितलेले नाही.

त्या दिवसानंतर मी शोधू लागले आणि अधिकच गोंधळले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या (पुनर्वसन क्षेत्रातील तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नोंदवहीत नाव असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचे निदान व उपचार करणारे मानसतज्ज्ञ) म्हणून काम करता येत नाही, आणि त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. लागते, असे सर्वत्र लिहिलेले आहे. पण एम.फिल. बंद करण्यात आले असून या एका विषयापुरती २०२५-२६ पर्यंतच प्रवेशाची सवलत दिली आहे, असेही वाचले. माझे एम.ए. होईल तेव्हा ती मुदत केव्हाच संपलेली असेल. म्हणजे जी शिडी सगळे मला दाखवत आहेत, तिची वरची पायरी मी पोहोचेपर्यंत काढलेली असेल काय?

वडिलांचे म्हणणे सरळ आहे. ते म्हणतात, "नवी बाग लावली तर पहिल्या वर्षी माल धरत नाही हे मला ठाऊक आहे. पण कितव्या वर्षी धरेल ते सांगता येते. तुझे कितव्या वर्षी?" मला हा प्रश्न रास्त वाटतो. शेजारचे काका मात्र नोकरी करत दूरशिक्षणाने एम.ए. करून टाक असे सुचवतात. तेव्हा तीन की चार वर्षे, दूरशिक्षण चालेल की नाही, एम.फिल. नसेल तर त्याऐवजी काय, आणि मधल्या काळात थोडेफार कमावता येईल असे काम कोणते, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सातारा)

प्रथम दूरशिक्षणाचा विषय संपवू. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात मानसशास्त्राचा समावेश आहे. त्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरशिक्षणाने व ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली आहे. काका ज्या काळाबद्दल बोलत आहेत तो संपला. कोणी आजही तसा प्रवेश देऊ करत असेल, तर पैसे भरू नका.

एम.फिल.बद्दलची आपली माहिती बरोबर आहे. मी स्वतः त्याच वाटेने आलो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या व्याख्येतही एम.फिल.चा उल्लेख आहे. मात्र पायरी काढली असली तरी शिडी तशीच सोडलेली नाही. पुनर्वास परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे चार वर्षांचे बी.एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांचे एम.ए. असे स्वतंत्र अभ्यासक्रम मांडले आहेत, आणि साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेटही आहे. येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा, कारण बहुतेक विद्यार्थी येथेच फसतात. 'एम.ए. मानसशास्त्र, विशेषीकरण क्लिनिकल' आणि परिषदेची मान्यता असलेले 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पदवीत विषय तेच असतील, शिक्षकही उत्तम असतील, तरीही त्या पदवीवर नोंदणी मिळत नाही. दुसऱ्या अभ्यासक्रमात रुग्णालयातील पर्यवेक्षित काम सक्तीचे असते, आणि नोंदणी त्या कामाच्या आधारावर मिळते. मान्यता अभ्यासक्रमाला व त्या संस्थेला दिलेली असते, विद्यापीठाच्या नावाला नव्हे. म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः उघडून पाहावी. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

यावरून तीन की चार वर्षे याचेही उत्तर मिळते. एका वर्षाचे एम.ए. हे सामान्य मानसशास्त्राचे असेल. आपले ध्येय नोंदणीचे असेल तर त्या वाटेने जाण्यात अर्थ नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन मान्यताप्राप्त दोन वर्षांच्या एम.ए.साठी प्रयत्न करणे मला अधिक योग्य वाटते. संशोधनाची किंवा प्राध्यापकीची ओढ असती, तर मी चौथे वर्ष सुचवले असते. जागा थोड्या असतात, प्रवेशपरीक्षा असते, आणि सांगली-साताऱ्याबाहेर राहण्याची तयारी ठेवावी लागते. संख्याशास्त्र आतापासून पक्के करा. मुलाखतीत तेथेच भलेभले गळतात.

वडिलांना सांगा : पदवीचे दुसरे वर्ष संपत आले, तिसरे पुढे आहे, त्यानंतर एम.ए.ची दोन, आणि प्रवेश पहिल्या फेरीत मिळाला नाही तर आणखी एक. म्हणजे आजपासून चौथ्या किंवा पाचव्या वर्षी. आणि अठरा हजारांचेही सांगून टाका. बागायतदाराला बनावट औषधाचा अनुभव असतोच.

प्रतिसाद (समुपदेशक, ग्रामीण रुग्णालय, सातारा जिल्हा)

वरील सरांनी वरच्या टोकाचे सांगितले, मी मधल्या जागांबद्दल लिहिते. मी साधे एम.ए. मानसशास्त्र आहे आणि नऊ वर्षे काम करत आहे. एच.आय.व्ही. तपासणी केंद्रांतील समुपदेशक, किशोरवयीनांसाठीची केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेलिमानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा, व्यसनमुक्ती केंद्रे, कौटुंबिक न्यायालये, शाळा आणि कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग, या सर्व ठिकाणी एम.ए. झालेल्यांना वाव असतो. सरकारी योजनांतील बहुतेक पदे कंत्राटी असतात. करार अकरा महिन्यांचा, मानधन कधी वेळेवर तर कधी दोन महिने उशिरा. हे लपवण्यात अर्थ नाही. तरी सांगते, माझ्या टेबलासमोर जी माणसे येतात ती सातारा शहरातील खासगी दवाखान्यात कधी जाणार नाहीत. ऊसतोड करणारा गडी तपासणीचा कागद चार घड्या करून बनियनच्या आत ठेवतो आणि "घरी सांगू नगा" म्हणतो, तेव्हा त्याला पुढच्या तारखेला परत यायला लावणे एवढेच माझे त्या दिवसाचे काम असते.

आपण अजून पदवीला आहात, म्हणून पगाराच्या मागे लागू नका. सुट्टीत मतिमंद मुलांच्या एखाद्या विशेष शाळेत किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून जा. साताऱ्यात परिवर्तन संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम जुने आहे. तेथे चौकशी करावी. थोडे मिळवायचेच असेल तर दहावी-बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्या, परंतु त्या सोनेरी प्रमाणपत्रावर कोणाचे समुपदेशन मात्र करू नका.

प्रतिसाद (मिरज)

एम.पी.एस.सी. करावी. बाकी सगळ्यात वेळ जातो.

धागालेखिका

सर, ताई, मनापासून आभार. मिरजेच्या काकांचेही आभार. आमच्या गल्लीतील सहा जण तेच करत आहेत, म्हणून सध्या राहू दे.

परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदवहीत नाव शोधण्याची सोय आहे, ती काल पाहिली. रुग्णालयातील ताईंचे नाव टाकले आणि ते आले. त्यानंतर मला पदविका देणाऱ्या संस्थेच्या पत्रकावर ज्या 'ज्येष्ठ तज्ज्ञांची' छायाचित्रे होती, त्यांची नावे एकेक करून टाकली. चारांपैकी एकही आले नाही. हे मी पैसे भरण्यापूर्वी पाच मिनिटांत करू शकले असते.

रात्री वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. अठरा हजारांवर ते काही बोलले नाहीत. चौथे की पाचवे वर्ष, एवढे पुन्हा विचारले आणि मग वसतिगृहाचा खर्च किती येईल याकडे वळले. त्यावरून एक शंका उरते. उन्हाळी सुट्टीत विशेष शाळेत दोन महिने काम केले, तर त्याचे पत्र संस्थेच्या शीर्षपत्रावर मुख्याध्यापकांच्या सहीचे पुरे होते, की तेथे येणाऱ्या नोंदणीकृत मानसतज्ज्ञांची सही असलेलेच प्रवेशाच्या मुलाखतीत धरतात? सरांनी सवडीने सांगावे. शाळेत भेटायला सोमवारी जाणार आहे, तेव्हा पत्राबद्दल आधीच बोलून ठेवता येईल.